लक्ष्मीबाई टिळक : विचारून घेतलेला धर्म

आपल्या मंडळात दर पंधरवड्याला पुस्तकवाचन असते. गेल्या वर्षी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचायला घेतली होती. चार महिने पुरली. वाचताना आम्ही पुष्कळ हसलो, आणि दोन-तीनदा वाचणारीचाच आवाज बसल्यामुळे पुस्तक दुसरीच्या हाती द्यावे लागले. मंडळात हिंदू भगिनी आहेत तशा ख्रिस्ती भगिनीही आहेत. त्यांच्यापैकी एकजण आपले मराठी बायबल घेऊन येई व जिथे संबंध येईल तिथे त्यातला भाग काढून दाखवी. त्यामुळे एरवी ज्यांचे पान उलटले नसते अशा काही गोष्टी आम्हा सगळ्यांना कळल्या. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी म्हटले, लक्ष्मीबाईंवरच लिहिते. मी काही विदुषी नव्हे. परंतु लक्ष्मीबाई तर माझ्याहूनही कमी शिकलेल्या होत्या, तेवढाच धीर.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत पुस्तकाच्या आरंभीच येते. १८५७ च्या बंडात त्यांच्या सासऱ्यांना, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना, फाशी झाली. फाशी देणाऱ्यांचा हात त्यांना लागला, ते विटाळले, हा विचार जावयाच्या मनात असा काही बसला की तो पुन्हा निघालाच नाही. त्यांना सगळे जगच ओवळे वाटू लागले. बाजारातून येईल ती वस्तू धुवायची. धान्य तर धुवायचेच, पण मीठ-साखरेसारख्या वस्तूही धुवायच्या! ज्या बाईने घर चालवले आहे तिला ह्यातले दुःख सांगायला नको. धुतलेले मीठ भरणीत किती उरत असेल? आईचा सारा जन्म त्या धुण्यात आणि धाकात गेला. वडील नदीवर गेले म्हणजे घर तेवढ्यापुरता श्वास घेई.

अशा घरातली मुलगी अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांच्या घरात आली. (लोकमान्य निराळे, हे आपले फुलामुलांचे कवी, ‘वनवासी फूल’ लिहिणारे.) टिळक बुद्धिमान, मायाळू, परंतु एका जागी न टिकणारे. आज नाशिक, उद्या नागपूर, परवा भलतेच कुठे. सांगून जातील तर टिळक कसले! बायकोवर त्यांचा जीव होता, पण तिला कुठे सोडले ह्याचे भान त्यांना नसे. बायकोला वाचायला मात्र त्यांनीच शिकवले. अक्षरे आली, वाचन आले, जोडाक्षरे काही केल्या नीट येईनात. ती त्यांना पुढेही जडच गेली. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढे त्याच बाईने काय केले ते पाहायचे आहे.

१८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. बोलणे निघाले, कवितेवरून धर्मावर आले. त्या गृहस्थांनी उतरताना टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते हसण्यासारखे वाटले असावे. त्या काळी ते स्वतःच एखादा नवा धर्म काढावा अशा विचारात होते. घेतले आहे तर वाचू या, म्हणून वाचायला बसले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनाशी येऊन अडकले. शत्रूवर प्रेम करावे, मागेल त्याला द्यावे, उद्याची चिंता करू नये, अशी ती शिकवण आहे. ती त्यांना सोडवेना. शंका पुष्कळ होत्या. त्या त्यांनी पत्रांतून ख्रिस्ती मंडळींना विचारल्या, स्वतःशी घोळवल्या. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ह्या सगळ्या विचारात एका माणसाला मात्र त्यांनी नीट बरोबर घेतले नाही, ते म्हणजे बायको. मला वाटते, टिळकांच्या हातून झालेली ही मोठी चूक. पत्रे परक्यांना गेली, शंका परक्यांना विचारल्या, आणि घरात मात्र एक दिवस नुसती बातमी येऊन आदळली. लक्ष्मीबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. मुलगा दत्तू चारएक वर्षांचा. नवरा जिवंत आहे, आणि तरी लोक भेटायला येतात ते कुणी मेल्यासारखे तोंड करून! नवरा गेलेल्या बाईला निदान काय झाले ते ठाऊक असते. ह्यांना आपण सधवा की विधवा हेच कुणी सांगेना. बहिणीने त्यांना पंढरपूरला आपल्या घरी नेले, जपले, तोंडात घास घातला. ह्या बहिणीचे ऋण लक्ष्मीबाईंनी मोकळ्या मनाने मांडले आहे.

आमच्या ख्रिस्ती भगिनीने येथे मत्तयाचा दहावा अध्याय काढला. त्यात येशू आपल्या शिष्यांना सांगतो की माझ्यामुळे मुलगा बापापासून आणि सून सासूपासून तुटेल, माणसाच्या घरचेच त्याचे वैरी होतील, आणि जो आईबापांवर माझ्यापेक्षा अधिक प्रीती करील तो मला योग्य नाही. वाचून झाल्यावर खोलीत कुणी बोलेना. शेवटी तिनेच सांगितले की हे वचन तिलाही लहानपणापासून कठीण वाटते. प्रीतीच्या धर्मात असे कसे, हे तिने आजोबांना विचारले होते. आजोबांनी समजावले की घर मोडा अशी ही आज्ञा नव्हे, सत्य धरले म्हणजे काय सोसावे लागेल त्याची ही आगाऊ सूचना आहे. असेल. पण सूचना टिळकांना मिळाली होती. सोसणे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले.

त्याच शास्त्रात दुसऱ्या ठिकाणी, पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात, सातव्या अध्यायात, नेमका हाच प्रसंग आहे. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको झाली नाही तर काय करावे? पौल म्हणतो, ती राहायला राजी असेल तर त्याने तिला टाकू नये. मात्र ती सोडून जात असेल तर जाऊ द्यावे, मग त्याला बंधन नाही. इंग्रज सरकारने १८६६ साली ह्याच धोरणाचा एक कायदा केला होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाचे जोडीदार धर्मापायी सहा महिने नांदायला येत नसेल तर तो कोर्टात जाऊ शके, आणि ठरलेले सोपस्कार होऊन लग्न मोडता येई. म्हणजे टिळकांना मनात आणते तर दुसरे लग्न करता आले असते. कायदा बाजूला, पौलाच्या पत्राचा अर्धा भाग बाजूला. टिळकांनी ते केले नाही. ते पत्रे पाठवत राहिले आणि वाट पाहत राहिले. एक वर्ष नव्हे, चार-साडेचार वर्षे. आधी केलेल्या चुकीची भरपाई त्यांनी ह्या थांबण्याने केली, असे माझे मत. आमच्यातल्या दोघींना हे पटले नाही. त्या म्हणाल्या, थांबला तो पुरुष म्हणून त्याचे कौतुक, ती तर थांबलेलीच होती.

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला (आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात) नवऱ्याकडे गेल्या. कशा गेल्या? ख्रिस्ती व्हायला नव्हे, नांदायला. चूल निराळी, पाणी निराळे, सोवळे-ओवळे जसेच्या तसे. टिळकांनी धर्माची सक्ती कधीही केली नाही, आणि ती त्यांनी केली असती तर ह्या बाई दुसऱ्या दिवशी पंढरपूरच्या गाडीत दिसल्या असत्या, ह्याविषयी पुस्तक वाचणाऱ्या कुणालाही शंका राहणार नाही. एका छपराखाली दोन धर्म, दोन चुली आणि मध्ये धावणारा एक मुलगा, असा तो संसार होता. दोघेही तापट. भांडणे होत, अबोले होत, आणि मग हसू फुटे.

लक्ष्मीबाईंचा खरा अडसर देव हा नव्हता, जात हा होता. देवाविषयी त्यांचे वाद फारसे नव्हते. पण कुणाच्याही हातचे पाणी प्यायचे? मीठ धुवून खाणाऱ्या बापाच्या त्या लेकीला हे कसे जमावे? ह्याचा उलगडा त्यांनी कुणाच्या प्रवचनाने केला नाही, स्वतःच विचार करून केला. जात देवाने केली की माणसाने, हा त्यांचा प्रश्न. देवाने केली असती तर पशुपक्ष्यांतल्या जातींसारखी ती अंगावर दिसली असती. माणसामाणसांत ती तशी दिसत नाही. तेव्हा ती माणसाचीच करणी, आणि माणसाने केलेले माणसाला सोडता येते. एकदा हे ठरल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. किती सरळ हिशेब! पंडितांनी ह्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले असतील. बाईंनी तो तांदूळ निवडावेत तसा निवडून टाकला. अर्थात मनाने ठरवले तरी घशाने ऐकायला वेळ लागतो. जन्माची सवय एका दिवसात जात नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आता गंमत पाहा. हाच प्रश्न बायबलात आहे आणि तो तिथल्या लोकांनाही सोपा गेलेला नाही. मार्कच्या सातव्या अध्यायात परूशी लोक येशूला जाब विचारतात की तुझे शिष्य हात न धुता कसे जेवतात. त्या लोकांच्या प्याले, घागरी, तांब्याची भांडी धुण्याच्या चालीही तिथे सांगितल्या आहेत. ते वाचताना आम्हाला जलालपूरचे घरच डोळ्यांपुढे आले! येशूचे उत्तर असे की बाहेरून पोटात जाते त्याने माणूस विटाळत नाही. मनातून जे वाईट बाहेर येते, लोभ, कपट, व्यभिचार, निंदा, त्याने विटाळतो. हे उत्तर ऐकूनही त्यांचा पट्टशिष्य पेत्र मात्र सोवळाच राहिला. पुढे प्रेषितांच्या कृत्यांत दहाव्या अध्यायात त्याची गोष्ट आहे. दुपारी भूक लागलेली, स्वयंपाक व्हायचा आहे, आणि त्याला दृष्टांत झाला की आकाशातून एक मोठी चादर खाली येते आहे, तिच्यात सगळ्या जातींचे प्राणी आहेत, आणि ऊठ, मारून खा असे कुणी सांगते आहे. पेत्र देवालाच सांगतो की मी आजवर निषिद्ध काही खाल्ले नाही. तीनदा असे झाले. मग तो कर्नेल्य नावाच्या एका परजातीच्या शिपाई-अधिकाऱ्याच्या घरी गेला, तेव्हा त्याला कळले की प्रश्न खाण्याचा नव्हता, माणसांचा होता. येशूजवळ राहिलेल्या पेत्राला एवढा वेळ लागला. मग लक्ष्मीबाईंना काही महिने लागले ह्यात नवल ते काय?

मला मात्र वाचताना राहून राहून त्यांच्या आईची आठवण येत होती. बाहेरच्याने विटाळ होत नाही हे खरे, तर मग त्या माउलीने जन्मभर धुतले ते कशासाठी? ह्याचे उत्तर आमच्यात कुणालाच देता आले नाही.

१९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळात तिकडे मोठा दुष्काळ पडला होता. टिळक पती-पत्नींनी पोरकी झालेली मुले घरात घेऊन सांभाळली. नगरला प्लेगची साथ आली तेव्हा जिथे नातेवाईकही जवळ जाईनात तिथे ह्या बाई शुश्रूषेला गेल्या. ज्यांना एकेकाळी दुसऱ्याचा पेला शिवत नसे, त्यांनी परक्यांचे आजारपण काढले.

पण म्हणून सगळे प्रश्न मिटले असे नाही. उलट घरातला सगळ्यात अवघड प्रश्न आता सुरू झाला. डोंगरावरच्या प्रवचनात मागणाऱ्याला दे आणि उद्याची चिंता करू नकोस, असे आहे. टिळकांनी हे शब्दशः घेतले. घरात असेल ते मागणाऱ्याच्या हातावर ठेवायचे. पाहुणा तर नेहमीचाच. पाखरे पेरीत नाहीत, कापणी करीत नाहीत, तरी देव त्यांना खायला देतो, असे त्या प्रवचनात सांगितले आहे. ते खरे असेल, पण पाखरांच्या घरी संध्याकाळी पानावर दहाजण अचानक येत नाहीत. लक्ष्मीबाई ह्यावरून टिळकांशी भांडल्या आहेत, हसल्या आहेत, पैसे लपवून ठेवले आहेत. परंतु टिळकांनी दिलेले परत मागून आणावे असे त्यांच्या मनाला कधी वाटले नाही. आम्ही ह्यावर तास दीड तास बोललो. एकजण म्हणाली, चिंता करू नका म्हणजे तयारी करू नका असे नव्हे. दुसरी म्हणाली, एवढे सोपे असते तर सांगायला कशाला हवे होते? मला वाटते, टिळकांना चिंता न करता आली कारण त्यांच्या वाटणीची लक्ष्मीबाई करत होत्या. ह्या वचनाचा अर्थ लावताना स्वयंपाकघरातल्या माणसालाही विचारले पाहिजे.

ह्याच घरात कवितेचाही मुक्काम होता. बालकवी ठोमरे ह्या घरात मुलासारखे राहिले. टिळकांची ख्रिस्ती भजने आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. इंग्रजी चालींऐवजी अभंग आणि ओवी, प्रवचनाऐवजी कीर्तन, असा त्यांचा मार्ग. १९०९ साली त्यांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले आणि नाव दिले ‘ख्रिस्तायन’. मराठीत असे पूर्वी एकदा झाले होते. फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटांनी गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ साली छापले गेले. टिळकांचे काम मात्र हळूहळू चाललेले. मध्ये १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्याशाप्रमाणे राहायचे ठरवले, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या सगळ्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ काढून साताऱ्यास गेले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर लक्ष्मीबाईंना पुन्हा संसाराची मांडामांड. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक वारले. ख्रिस्तायनाचे साडेदहा-अकरा अध्याय झाले होते.

उरलेले ते काव्य पेटीत ठेवून दिले असते तर कुणी दोष दिला नसता. पण लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले! ज्यांना जोडाक्षरे जड त्यांनी! मला ह्या कामाचे विशेष वाटते ते असे. आजवर कठीण वचन आले म्हणजे त्यांना टिळकांना विचारता येत होते, भांडता येत होते. आता टिळक नव्हते. शुभवर्तमाने चार, त्यात एकच प्रसंग निरनिराळ्या तऱ्हेने येतो. त्यांतले काय घ्यावे, आधी काय ठेवावे, शिष्य का पळाले, पेत्राने ओळख का नाकारली, हे सगळे आता त्यांनाच ठरवून ओवीत बसवायचे होते. नुसते वाचणाऱ्याला अवघड ओळ सोडून पुढे जाता येते, लिहिणाऱ्याला येत नाही. जवळजवळ त्याच काळात केडगावला पंडिता रमाबाईंनीही आयुष्याची शेवटची वर्षे बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणण्यात घालवली. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते बाहेर आले. दोघीही ब्राह्मण घरातल्या, दोघीही आपल्या बुद्धीने चाललेल्या. एक संस्कृत पंडिता आणि दुसरी जेमतेम अक्षरओळख असलेली, पण शेवटी दोघी एकाच पुस्तकाशी येऊन बसल्या.

‘स्मृतिचित्रे’ही अशीच घरातून निघाली. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, वडिलांचे चरित्र लिहायच्या विचारात होता. त्यासाठी त्याने आईला आठवणी लिहून द्यायला सांगितल्या. आईने लिहिल्या त्या अशा की चरित्र बाजूला राहिले आणि आठवणीच ‘संजीवनी’ साप्ताहिकात छापून येऊ लागल्या. १९३४ ते १९३६ ह्या काळात त्यांचे भाग पुस्तकरूपाने निघाले. त्यात नवऱ्याला त्या सगळीकडे ‘टिळक’ म्हणतात, त्यांचे वेड लपवत नाहीत, स्वतःचेही लपवत नाहीत. पुढे १९८३ साली विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला, त्यात लक्ष्मीबाईंचे काम सुहास जोशींनी केले आहे.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. ख्रिस्तायनाचा शेवटचा अध्याय राहिला होता. तो देवदत्त टिळकांनी लिहिला आणि १९३८ साली सगळे ख्रिस्तायन छापून प्रसिद्ध झाले. शहात्तर अध्याय. सुरुवात बापाची, मधले सारे आईचे, शेवट मुलाचा. आमच्या वाचनालयात ते नव्हते. ख्रिस्ती भगिनीने आपल्या माहेरून जुनी प्रत आणवली आहे, कव्हर फाटलेले आहे. येत्या पंधरवड्यापासून मंडळात तेच वाचायला घ्यायचे ठरले आहे.